वाचकांचे प्रश्न : तळे कधी भरलेले, कधी ओस का?

प्रश्न : आम्ही सीवूड्सला राहतो आणि हिवाळ्यात दर रविवारी सकाळी आठला नेरुळच्या टी. एस. चाणक्य परिसरातील पाणथळीवर जातो. एखाद्या रविवारी शेकडो छोटे पक्षी असतात, तर पुढच्याच रविवारी लांब पायांच्या चार-दोन शेकाट्या पक्ष्यांशिवाय काही दिसत नाही. असे का होते? शिवाय सगळेच करडे दिसणारे हे पक्षी ओळखायचे कसे?

उत्तर : याचे कारण तळ्यात नाही, खाडीत आहे. या पक्ष्यांचे खाद्य, म्हणजे चिखलातील किडे, बारीक शिंपले आणि लहान खेकडे, ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यात असते आणि ओहोटीला तो उघडा पडला की थवे तिकडे पांगतात; भरतीने चिखल झाकला गेला की त्यांना टेकायला जागा लागते, तेव्हा ते तुमच्या तळ्यावर येतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तासांनी पुढे सरकते. साहजिकच एका रविवारी आठला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्या वेळी ओहोटी असते.

कोकणातील जुना हिशेब येथे उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, एवढे धरून चालावे. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी फारसे चढत नाही आणि चिखल बराचसा उघडाच राहतो, म्हणून सकाळी जाणाऱ्यांनी द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस निवडावेत आणि भरतीच्या तासभर आधीच जाऊन बसावे. अर्थात तळ्यातील पाणीही उथळ हवे. छोटा टिलवा या चिमणीएवढ्या पक्ष्याचे पाय इतके आखूड असतात की दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यात त्याला उभे राहता येत नाही.

ओळखीसाठी रंगाच्या मागे लागू नये, कारण हिवाळ्यात तो फसवतो. पक्षी खातो कसा, ते आधी पाहावे. चिखल्या हा पक्षी मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य हेरतो, चार पावले पळतो, थबकतो आणि टिपतो. त्याची चोच आखूड असते. टिलवे मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत राहतात, कारण त्यांना भक्ष्य चोचीच्या टोकाच्या स्पर्शाने कळते. चिमणीएवढा आणि काळ्या पायांचा असेल तो बहुधा छोटा टिलवा. त्याहून मोठा, केशरी-लाल पायांचा आणि उडताना पंखांची मागची कड पांढरी दाखवणारा, तो लाल पायांचा टिलवा. ऐन भरतीला बहुतेक पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून एका पायावर झोपलेले असतात. तेव्हा ओळखीचा हट्ट सोडलेला बरा.

प्रश्न : छायाचित्रासाठी काठावरून पुढे गेले तर चालते का?

उत्तर : चालत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर मुळीच नाही. त्या काळात हे पक्षी उत्तरेकडच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात आणि प्रत्येक वेळी विनाकारण उडताना ती खर्च होते. झोपलेल्या पक्ष्यांनी माना वर केल्या की तेथेच थांबावे आणि सावकाश मागे यावे.