टोकामाकमधली धूळ चुंबकीय क्षेत्रात अडकून राहते का?

तुम्ही विचारलंय की टोकामाकमध्ये, म्हणजे अणुसंमीलनाच्या कड्यासारख्या पोकळ यंत्रात, चुंबकीय क्षेत्र कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन म्हणजे भारित अणू सुटे झालेला वायू) धरून ठेवतं, तर भिंतीवरून सुटलेली धूळही त्यात अडकत असेल ना, की लगेच जळून जाते? मी सांगलीत बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा माझ्या फार आवडीचा विषय.

धूळ अडकत नाही. हिशेबच मांडू. 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा टंगस्टन या जड धातूचा कण घ्या. प्लाझ्माच्या कडेला तापमान लाखभर अंश. तिथं चपळ इलेक्ट्रॉन आयनांच्या आधी कणावर येऊन बसतात आणि साधारण 15 हजार इलेक्ट्रॉनांचा ऋणभार चढतो. पण कणाचं वस्तुमान असतं सुमारे 48 लाख कोटी प्रोटॉनांइतकं! सेकंदाला 100 मीटर वेगानं निघालेला हा कण 5 टेस्लाच्या क्षेत्रात वळेल, पण त्या वळणाची त्रिज्या अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. फ्रान्समध्ये उभं राहत असलेलं इटर हे सगळ्यात मोठं टोकामाक, त्याच्या कड्याची त्रिज्या 6.2 मीटर. वळण सुरू होतंय तोवर भिंत येते.

मग धूळ जाते कुठं? आमचं गाव जत तालुक्यात. सुगीत आजी तिवईवर उभी राहून जोंधळा उफणायची. पाटी डोक्याच्या वर, हात किंचित हलता. भूस वाऱ्याबरोबर लांब जायचं, दाणा सरळ पायाशी पडायचा. टोकामाकमध्ये वारा असतो आयनांचा. क्षेत्र आयनांना कड्याभोवती वाहवतं आणि तो वारा बारीक धुळीला ढकलत नेतो. वेगवान कॅमेऱ्यात तापलेल्या कणांच्या रेघा दिसतात, त्यावरून वेग सेकंदाला दहापासून काहीशे मीटरपर्यंत निघतो. कण फार तापला तर तो स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो, मग त्याचा भार धनही होऊ शकतो.

बारीक कण कडेलाच वाफ होऊन संपतात. काळजी असते ती जड दाण्याची. शंभरेक मायक्रॉनचा दाणा वाऱ्याला न जुमानता आत घुसतो आणि तिथं वितळून वाफ होतो. टंगस्टनचे 74 इलेक्ट्रॉन 15 कोटी अंशांतही सगळे सुटत नाहीत. उरलेले प्लाझ्माची ऊर्जा किरणांच्या रूपात बाहेर टाकत राहतात. म्हणून लाखात एखाद-दुसऱ्या टंगस्टन अणूपेक्षा जास्त मुळीच परवडत नाही. जपानमधल्या तोकीच्या एलएचडी या यंत्रात (टोकामाक नव्हे, पण प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रानंच धरणारं) मिनिटंच्या मिनिटं चाललेले प्रयोग अशा सुटलेल्या धुळीनं बंद पडले आहेत.

खाली बसलेली धूळही सोडून देता येत नाही. तिच्यात ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) मुरलेलं असतं, त्याचा अर्धायुकाल 12.3 वर्षं. इटरच्या पात्रात धुळीची मर्यादा 1 टन धरली आहे.

वरचा हिशेब कार्बनच्या कणासाठी स्वतः करून बघा. घनता टंगस्टनच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी धरा, वळणाची त्रिज्या साठ-सत्तर मीटर येईल.