पुण्यात थुंकणारा नाग सापडतो का? तो विष कसं थुंकतो?

नाही सापडत. आपल्याकडे फण्यावर दहाचा आकडा असलेला नाग आहे, तो चावतो. अकरा वर्षं धायरी-नऱ्हे भागात साप पकडतोय, पण हा प्रश्न दिसला की अजून उजव्या डोळ्याकडे हात जातो.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा पावसाळा. नऱ्ह्यात एका बांधकामावर सिमेंटच्या पोत्यांमागे नाग निघाला. कॉल मला आला होता, सोबत आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ दादा आले. पाइपला पिशवी लावून दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मजूर जमले, मोबाइल निघाले, आणि दादांनी काठीने मान दाबून नाग मुठीत घेतला. "हे बघा विषाचे दात" म्हणत दुसऱ्या हातातल्या काठीचं टोक त्याच्या तोंडाशी नेलं. नागाने काठी कडकडून चावली. मी पिशवी उघडून अगदी समोर उभा होतो. डोळ्यात काहीतरी पडलं आणि मिरचीचा हात लागावा तशी आग सुरू झाली, ती वाढतच गेली.

"थुंकला रे, थुंकला!" दादा ओरडले. कुणी दूध आणायला धावलं. तिथे काम करणाऱ्या एका ताईंनी मात्र मला पिंपाशी नेलं, बोटांनी पापणी उचलून धरली आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिल्या. वीस मिनिटं तरी असेल. डोळा त्यांनीच वाचवला असं मी मानतो. बुबुळावरच्या पडद्याला सूज होती, डॉक्टरांनी थेंब दिले, आठवड्यात उतरली.

दादा अजूनही नव्या पोरांना 'नऱ्ह्याचा थुंकणारा नाग' सांगतात. दादा, काठीवर पिवळसर ओघळ होता, मी तो दुसऱ्या डोळ्याने पाहिलाय. चावताना विष काठीवर उतरलं आणि एक थेंब उडाला. याला थुंकणं म्हणत नाहीत.

खरे थुंकणारे नाग आफ्रिकेत आणि थायलंड, जावा, फिलिपिन्सकडे आहेत. मोझांबिकचा नाग दोन मीटरच्या पलीकडेही विष फेकतो. तो फुंकर मारत नाही. विषग्रंथीभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि दातातून विषाची पिचकारी सुटते. आपल्या नागाच्या दाताचं भोक लांबट आणि खाली वळलेलं, त्यांचं लहान, गोल आणि समोर उघडणारं. शिवाय पिचकारी मारताना ते डोकं झपाट्याने हलवतात, त्यामुळे विष समोरच्याच्या तोंडभर पसरतं आणि डोळा सापडतोच. हे सगळं बचावासाठी. भक्ष्य ते चावूनच मारतात.

त्यांचं विषही वेगळं. पेशी फोडणारी विषद्रव्यं बऱ्याच नागांत असतात, पण थुंकणाऱ्यांत त्यांच्या जोडीला फॉस्फोलिपेज नावाचं विकर भरपूर असतं आणि दोन्ही मिळून वेदना कितीतरी पटींनी वाढवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आफ्रिकेतले नाग, आशियातले नाग आणि रिंखाल्स (आफ्रिकेतलाच, नागाचा नातलग असलेला थुंकणारा साप) या तिन्ही शाखांत हे वेगवेगळं, स्वतंत्रपणे घडलं. शत्रूला दुखावून पळवण्यासाठीच हे विष घडत गेलं, असा त्याचा अर्थ.

डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर साधं पाणी आणि मग थेट डोळ्यांचे डॉक्टर. दूध, लिंबू, झाडपाला काही नको. सर्पदंशावरची लसही डोळ्यात टाकायची नसते. धुतलं नाही तर बुबुळावर जखम होऊन नजर जाऊ शकते. धडधाकट कातडीवर पडलं तर सहसा काही होत नाही, धुऊन टाका.

हो, एक राहिलं. पूर्व भारतात एकच गोल ठिपका असलेला नाग मिळतो, त्यातले काही विष फेकतात. पण तो नऱ्ह्यात नसतो. आणि नागाची मान लोकांना दाखवायला मुठीत धरायची नसते, दादा. मी आता गॉगल लावल्याशिवाय पिशवी उघडत नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांनाही उघडू देत नाही.