नवा लिनक्स सर्व्हर घेतलायस तर आधी हे कर
अरे, सर्व्हर नेटवर आला की लगेच बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) पोर्ट २२ वर, म्हणजे एसएसएचने दुरून लॉगिन करायच्या दारावर, पासवर्ड मारून बघायला लागतात, घाबरू नकोस, सगळ्यांकडे होतं. एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी फाइलींची जोडी) बनव, कीने लॉगिन होतंय का ते दुसऱ्या टर्मिनलमधून तपास, पहिलं सेशन चालूच ठेव हां, नाहीतर स्वतःच बाहेर अडकशील, आणि मगच पासवर्ड लॉगिन बंद कर. फेलटूबॅन (सारखे चुकीचे पासवर्ड मारणारे आयपी अडवणारा प्रोग्राम) लावच, पण खरं काम लॉग वाचण्याचं, ऑथ लॉगमधल्या (लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमधल्या) 'फेल्ड', म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, ओळी ढिगाने असतील, त्या सोड, 'ॲक्सेप्टेड' वाल्या, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या, रोज बघ, तिथे अनोळखी आयपी दिसला तर खरा धोका.

मेल पाठवायला पोस्टफिक्स हा प्रोग्राम लावलास तर त्यात मायनेटवर्क्स (कुठल्या मशीनचे मेल पुढे पाठवायचे ती यादी) स्वतःच्या मशीनपुरतंच ठेव, ओपन रिले झालं, म्हणजे कुणीही तुझ्या सर्व्हरमधून मेल पाठवू लागलं, तर ब्लॅकलिस्टमधून आयपी काढता काढता नाकी नऊ येतील. मेलक्यू (पाठवायच्या मेलची रांग दाखवणारी कमांड) बघत जा, रांग अचानक फुगली की आधी पोस्टफिक्स थांबव, मग कारण शोध.