पाणी साचल्यावर तूर पिवळी का पडते? मुळं पाण्यात असून ती का सुकते?

मुळांना पाणी कमी पडत नाही, श्वास कमी पडतो. परभणी-हिंगोलीकडच्या भारी काळ्या रानात चार दिवस झड लागली की मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, आणि ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10,000 पट हळू पसरतो.

पेशी मात्र लगेच मरत नाही. ऑक्सिजन असताना काही प्रथिनं बनताबनता मोडली जातात. तो घटला की ती टिकतात आणि आंबवण्याची जनुकं चालू करतात. मग साखरेपासून अल्कोहोल बनतं. पण एका ग्लुकोजमागे जिथं साधारण 30 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळायचे, तिथं फक्त 2 मिळतात. साठवलेली साखर झपाट्यानं संपते, मुळं पाणी-नत्र ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभी तूर पिवळी पडते आणि मान टाकते.

भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात, त्यामुळे तो तगतो. तुरीला ही सोय फारशी नाही.

आपल्या पेशींतही ऑक्सिजन घटल्याची अशीच जाणीव असते, फक्त प्रथिनं वेगळी; त्या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं.

तेव्हा खत टाकण्याआधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत दिलेला युरिया ती मुळं घेऊच शकत नाहीत.