वीव्ह का लावतात, आणि "तिला स्वतःचे केस आवडत नाहीत का?"

धागाकर्तीचा प्रश्न थोडक्यात असा. ती नुकतीच अटलांटाला आली आहे. ऑफिसातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीचे केस एका सोमवारी खांद्यापर्यंत सरळ, पुढच्या महिन्यात कमरेपर्यंत वेण्या, नंतर एकदम आखूड बॉब. हे वीव्ह, म्हणजे वरून जोडलेले केस, लावतात कशासाठी, गोऱ्या बायकांसारखं दिसायची हौस आहे का, तिला विचारलेलं चालेल का? आणि जाता जाता, लेकीला शाळेतल्या मैत्रिणीसारख्या वेण्या हव्यात, त्याचं काय करू?

वरच्या दोन-तीन उत्तरांचा सूर "बिचाऱ्यांना न्यूनगंड असतो" असा आहे. मी जॉर्जियात कॉस्मेटॉलॉजीचं, म्हणजे पार्लरच्या कामाचं, लायसन्स काढून बरीच वर्षं जिथे काम केलं, तिथल्या बहुतेक गिऱ्हाईक कृष्णवर्णीय बायकाच. मला तो सूर मुळीच पटत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी केसाचंच बघा. आफ्रिकी वंशाच्या केसाचं मूळ कातडीच्या आतच वाकलेलं असतं आणि केसाचा आडवा छेद चपटा, लंबगोल असतो. डोक्याचं तेल आपल्या सरळ केसांवरून घसरत खाली येतं, म्हणून दोन दिवसांत आपलं डोकं चिकट होतं. त्यांच्या केसाला इतकी वळणं असतात की तेल टोकापर्यंत पोचतच नाही. केस कोरडा राहतो आणि वळणापाशी तुटतो. "त्यांचे केस वाढत नाहीत" हा गैरसमज यातूनच आला. वाढतात की, पण टोकाशी तुटत राहतात. त्यात ते आखडतात. ओला केस ताणला तर खांद्याच्या खाली येतो, वाळला की कानाशी. धुणं, कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवणं, टोकाकडून मुळाकडे विंचरत जाणं, वाळवणं, झोपताना सॅटिनची टोपी... यात रविवार जातो. या सगळ्याला त्या "वॉश डे" म्हणतात आणि त्या दिवशी कोणाचं बोलावणं घेत नाहीत.

अशा केसांना रोजच्या ओढाताणीपासून वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे ते वेण्यांत बंद करून ठेवणं. वीव्ह हा त्यातलाच एक प्रकार. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं केसांना केस चिकटवतात. गोंदाने चिकटवण्याचा प्रकारही आहे, पण चांगलं काम असतं ते शिवणीचं.

धुऊन वाळवून झालं की शेपटीच्या कंगव्याने भांग पाडत डोक्यालगत बारीक वेण्या घालत जायचं. यांना कॉर्नरो म्हणतात. कोणी सरळ मागे नेतं, कोणी चकलीसारख्या गोल फिरवतं. वेण्यांची टोकं आत वळवून शिवून टाकायची. हा झाला पाया. मग केसांची पट्टी घ्यायची, तिला वेफ्ट म्हणतात, आणि अर्धगोल सुईने वेणीवर टाके घालत मानेपासून वर चढायचं. ओळ संपली की पट्टी दुमडावी लागते. तिथे उंचवटा राहिला की वरचे केस फुगून दिसतात आणि लांबूनही कळतं. शेवटी भांगाची जागा. तिथे एक तर स्वतःचे थोडे केस मोकळे सोडतात, नाही तर जाळीवर केस विणलेला चौकोनी तुकडा बसवतात, त्याला क्लोजर म्हणतात. मोकळे सोडले तर वीव्हशी जुळावेत म्हणून ते रोज इस्त्रीने सरळ करावे लागतात आणि नेमके तेच जळून तुटतात. मी कायम क्लोजरच सुचवायचे.

चार-पाच तास सहज जातात. एक बंडल साधारण १०० ग्रॅमचं, आणि डोक्याला दोन-तीन लागतात. सहा ते आठ आठवडे राहतं, मग उसवायचं. उसवताना मूठभर सुटे केस हातात येतात आणि नवखी बाई घाबरते. पण माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतातच, तेच इतके दिवस वेणीत अडकलेले असतात. शिवणीची ही पद्धत क्लीव्हलँडच्या क्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकर्तीने काढली आणि १९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तिचं पेटंटही मिळवलं.

म्हणजे सकाळी सहाला उठून मुलांचे डबे भरून आठला ऑफिस गाठणारी बाई दोन महिन्यांसाठी केसांची कटकट मिटवते, एवढंच बऱ्याचदा यात असतं. आपल्या आज्या गंगावन लावून खोपा घालायच्या तेव्हा त्यांना न्यूनगंड आहे असं कोणी म्हणत नव्हतं.

पण हौस आणि सोय एवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल, कारण अमेरिकेत या केसांवर चक्क कायदे झाले आहेत. १७८६ मध्ये लुइझियानात स्पॅनिश अंमल होता. गव्हर्नर मिरोने फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस सजवून मिरवू नये, फडक्याने झाकावे. त्या फार देखण्या दिसतात, हीच तक्रार! बायकांनी झाकले, पण भारी रंगीत कापडाचे असे डौलदार फेटे बांधले की फर्मानाचा हेतूच फसला. गुलामगिरी संपल्यावर मापदंड बदलला: केस जितका सरळ तितकी बाई "नीटनेटकी". तापवलेला कंगवा आला, मग रसायनं आली. मॅडम सी. जे. वॉकर यांचं नाव इथे कायम निघतं. त्या १८६७ मध्ये लुइझियानात जन्मल्या, आईवडील आधी गुलामगिरीत होते, आणि केसांच्या उत्पादनांवर त्यांनी इंडियानापोलिसला मोठा कारखाना उभा केला. हजारो बायकांना त्यातून विक्रीचं काम मिळालं. केस सरळ करायला शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. त्या स्वतः मात्र म्हणायच्या की माझं काम डोक्याची कातडी निरोगी ठेवण्याचं.

ही जुनी गोष्ट वाटत असेल तर अलीकडचं सांगते. अलाबामातल्या मोबिल शहरात एका तरुणीला २०१० मध्ये कॉल सेंटरची नोकरी मिळाली होती. जटा, म्हणजे ड्रेडलॉक्स, कापायला तिने नकार दिला आणि नोकरी गेली. असे केस पुढे गबाळे होतात, तुझे आहेत असं मी म्हणत नाही, हे तिला ऐकवलं गेल्याची नोंद कोर्टाच्या कागदांत आहे. २०१६ मध्ये अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: केसाचा जन्मजात पोत बदलता येत नाही म्हणून त्याला संरक्षण, पण जटा ही निवड, तिला नाही. आता ऑफिसला चालेल असा कोणता पर्याय त्या मुलीसमोर उरतो? सरळ केस. एक तर रसायनाने, नाही तर वीव्हने. अमेरिकी लष्कराच्या नियमावलीत २०१४ पर्यंत अशा केसांसाठी "गुंतलेले, अस्ताव्यस्त" अशा अर्थाचे शब्द होते. ओरड झाल्यावर ते काढले, आणि जटांना परवानगी मिळाली २०१७ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका नामवंत मुलींच्या शाळेत २०१६ मध्ये विद्यार्थिनींनी आपले नैसर्गिक केस वाढवण्याच्या हक्कासाठी निदर्शनं केली. केसांवरून भेदभाव नको म्हणणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिल्यांदा केला. नंतर बऱ्याच राज्यांनी केला, पण सगळ्या देशासाठीचं विधेयक २०२२ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकलं.

मिशेल ओबामा यांनी २०२२ मध्ये सांगितलं की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालायचा विचार मनात आला होता, पण लोक अजून आम्हालाच सरावत होते, म्हणून केस सरळच ठेवले. जिथे राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला हा हिशोब करावा लागतो, तिथे तुझ्या मैत्रिणीला वेगळं काय सांगणार?

न्यूनगंड कुठेच नसतो असं माझं म्हणणं नाही. "गुड हेअर" म्हणजे मोकळी, सैल वळणं, हे लहानपणापासून घरातच ऐकवलं जातं. नैसर्गिक केसांची चळवळ जोरात आली तरी जाहिरातीत झळकल्या त्या सैल कुरळ्या केसांच्याच मुली. अगदी घट्ट वळणाच्या, ज्याला 4सी म्हणतात, त्या केसांच्या मुली मागेच राहिल्या. वीव्ह लावणारीला "स्वतःला विसरली" म्हणणाऱ्याही कृष्णवर्णीय बायकांतच भेटतात. एक गिऱ्हाईक मला म्हणायची, केस मोकळे सोडले की आई बोलते, वीव्ह लावला की मैत्रिणी बोलतात, म्हणून मी आरशालाच विचारते. आपल्याकडेही कुरळ्या केसांच्या नवरीला लग्नाआधी स्ट्रेटनिंगला बसवतात, त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

आणि निव्वळ मजाही असते, ती का नाकारायची? अटलांटात ब्रॉनर ब्रदर्सचा ब्यूटी शो १९४७ पासून भरतो. तिथे केसांचे जे मनोरे उभे करतात ते एकदा बघून या.

आता आपला संबंध. हे केस येतात कुठून? पाकिटावर "ब्राझिलियन", "पेरूवियन" असं काहीही लिहिलेलं असो, माल मोठ्या प्रमाणात भारत आणि चीनमधला. तिरुपतीच्या कल्याणकट्ट्यावर, म्हणजे केस उतरवण्याच्या जागी, आपल्याकडचे भाविकही केस देतात. देवस्थान ते लांबीनुसार वेगळे करून लिलावात विकतं. एका डोक्यावरून एकत्र कापलेले, मूळ-टोक एका दिशेला राहिलेले केस सगळ्यात महाग, त्यांना रेमी म्हणतात. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. "केसांवर फुगे" अशी हाळी देत फिरणाऱ्याला आपण विंचरलेले केस देतो, ते हेच. त्यात मूळ आणि टोक उलटसुलट झालेलं असतं, त्यामुळे केसावरचे खवले एकमेकांत अडकतात. म्हणून आम्लात बुडवून खवले काढतात आणि सिलिकॉनचा थर देतात. दुकानात तो रेशमासारखा चमकतो आणि चार धुण्यांत जटा होतात. कच्चे केस चोरट्या मार्गाने बाहेर जातात म्हणून भारत सरकारने जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले.

याच तिरुपतीच्या केसांवरून २००४ मध्ये वेगळाच गोंधळ झाला होता. ते मूर्तिपूजेशी जोडलेले म्हणून जेरुसलेमच्या एका ज्येष्ठ रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) वर्ज्य ठरवले, आणि ब्रुकलिनमध्ये ज्यू कुटुंबांनी महागडे विग रस्त्यावर जाळले. लग्नानंतर विग घालणाऱ्या त्या बायकांना मात्र "स्वतःचे केस आवडत नाहीत का" असं कोणी विचारत नाही.

तोटे आहेतच. वेणी घट्ट ओढली की कानशिलापाशी आधी पुटकुळ्या येतात, मग केसांची रेघ मागे सरकते. वेळीच थांबलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं. "दुखलं नाही तर वेणी टिकत नाही" हे खोटं आहे. दुखत असेल तर सैल करून घ्यायची, पैसे दिलेत तुम्ही. केस सरळ करणाऱ्या रसायनांचं आणखी गंभीर आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३,००० हून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा ही उत्पादनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं. वयाच्या सत्तरीपर्यंतचा अंदाज न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा होता. याने कारण सिद्ध झालं असं नाही, पण माझ्या ओळखीच्या कित्येकींनी तेव्हाच रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं रसायन, सोडला आणि त्यातल्या काही वीव्हकडे वळल्या.

मैत्रिणीला काय विचारायचं? "खरे आहेत का?" हे नको. हात लावणं तर अजिबात नको, विचारूनही नको. या बायकांचे केस लहानपणापासून परक्यांनी चाचपलेले असतात. नवीन केस दिसले की "छान दिसतंय" म्हण आणि कामाला लाग. मैत्री मुरली की ती आपणहून सांगेल, कोण करून देतं, किती पैसे पडले, शनिवार कसा गेला.

लेकीचं: जादा केस जोडून बारीक वेण्या घालू नकोस. आपले केस गुळगुळीत, वेणी चार दिवसांत निसटते, आणि टिकवायला घट्ट ओढली तर त्या वजनाने कानशिलाजवळचे बारीक केस जातात. शिवाय ज्या वेण्यांवरून तिच्या मैत्रिणीला कदाचित उद्या कोणी बोलणार आहे, त्याच हिच्या डोक्यावर कौतुकाच्या ठरतात, हे त्या मैत्रिणीच्या आईच्या नजरेतून सुटत नाही. तिच्याच केसांच्या डोक्यालगत दोन वेण्या घाल, केस जरा ओले असताना, टोकाला कापडी रबर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोड, म्हणजे केसांना लाटा येतील आणि तेवढ्यावर ती खूष होईल. पालकांच्या पुढच्या भेटीत मैत्रिणीच्या आईशी गप्पा मार, चांगली वेणी कशी घालायची हे ती तुला माझ्यापेक्षा बरं दाखवेल.