गाडी ऑईल खाते, पण कधी?

प्रश्न : वडिलांची जुनी पेट्रोल कार मी हौसेने ठेवली आहे. चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. मागे इंजिन पूर्ण उघडून बांधून घेतलं. बोअर करून 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकले, रिंगा आणि बेअरिंग नवी, हेडचं काम करून व्हॉल्व्ह सीलही नवे. त्यानंतर 1,800 किलोमीटर झाले. रोज सकाळी स्टार्ट केली की निळसर धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात थांबतो. लांबलचक उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा तसाच. चढावर जोर लावून पाहिलं, काही नाही. ऑईल 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर कमी होतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला 170 ते 178 पीएसआय. इंजिन बांधणारे मेकॅनिक म्हणतात, ‘रिंगा अजून बसायच्यात, चालवत राहा.’ दुसरे म्हणतात, ‘परत उघडा.’ कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. तुमच्या पत्रात एक गोष्ट फार चांगली आहे. धूर कसा दिसतो एवढंच न लिहिता तो कधी येतो तेही तुम्ही लिहिलंत. नव्वद टक्के पत्रांत फक्त ‘निळा धूर येतो’ एवढंच असतं, आणि मग मी इथे बसून काय सांगणार?

ऑईलला ज्वलनकक्षात शिरायला दोन मोठ्या वाटा आहेत. खालून रिंगांच्या बाजूने, नाहीतर वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. गाडी रात्रभर उभी असते तेव्हा हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, साठलेलं ऑईल सैल सीलमधून थेंब थेंब ओघळतं आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर किंवा थेट पिस्टनवर जमतं. सकाळचा लोट तो. उतारावर थ्रॉटल बंद, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. इनटेक व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाईडमधून ऑईल ओढलं जातं आणि तुम्ही पाय ठेवलात की जळून बाहेर पडतं. उतारावर रिंगांकडूनही थोडं ओढलं जाऊ शकतं, म्हणून नुसत्या उतारावर मी कुणाला दोषी धरत नाही. पण सकाळचा लोट आणि चढावर धूर नसणं, हे दोन्ही सोबत आलं की माझं बोट वर हेडकडेच जातं.

‘सील तर नवे आहेत’ असं तुम्ही म्हणाल. नवे सील दोन कारणांनी फुकट जातात. एक, बसवताना व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकची टोपी न घालता सील तसाच दाबला, तर स्प्रिंग अडकवणाऱ्या लॉकच्या खाचेची धार त्याचा ओठ कापते. बाहेरून काही दिसत नाही. दोन, गाईड झिजलेलं आणि त्यावर नवा सील. दांडा गाईडमध्ये हलतो आणि सीलच्या ओठाला त्याच्यामागे धावता येत नाही. इनटेकला ही फट साधारण 0.02 ते 0.06 मिलिमीटर असावी. हेडचं काम झालं म्हणता, तर गाईड मोजले होते का, बदलले होते का, एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर कळायचं ते कळलं.

तरीही हेडला हात लावण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला, वायू हा व्हॉल्व्ह इनटेककडे परत पाठवतो. तो उघडा अडकला की ऑईलचा फवाराच सोबत जातो. गाडी आयडलिंगला ठेवून तो काढा, टोकावर अंगठा धरा, ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून तो हलवा, बहुतेक प्रकारांत आतून खुळखुळ येते. थ्रॉटल बॉडीच्या आत आणि मागच्या पाइपात ऑईलचं डबकं दिसलं तर धागा इथेच सापडला. आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर तर नाही ना, हेही बघा. जास्त ऑईल भरून मग ‘गाडी खाते’ म्हणणारे मी कमी पाहिले नाहीत.

त्यानंतर चारही प्लग काढून क्रमाने मांडा. चारही सारखेच तेलकट असतील तर कारण सामाईक, म्हणजे पीसीव्ही किंवा सगळेच सील. एकच ओला असेल तर तो सिलिंडर सांगतो, ‘मी.’

आता कॉम्प्रेशनबद्दल, कारण इथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. बरीच वर्षं मी बोरिंग मशीनवर होतो आणि इंजिनंही बांधायचो. एक इंजिन असंच ऑईल खाऊ लागलं. कॉम्प्रेशन उत्तम, म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं की रिंगा ठीक आहेत. सील बदलले, गाईड बदलले, तरी तेच. तिसरा प्लग मात्र कायम ओला. शेवटी उघडलं, तर तिसऱ्या पिस्टनच्या ऑईल रिंगला ताणून धरणाऱ्या एक्स्पांडरची दोन टोकं एकमेकांसमोर टेकायच्या ऐवजी एकावर एक चढलेली. बसवणारा मीच. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑईल खरवडून खाली पाठवणारी तिसरी बिघडली तरी गेजचा काटा हलत नाही. म्हणून तुमचे 170 वाचून मी रिंगांना निर्दोष सोडत नाही, फक्त रांगेत मागे उभं करतो.

‘रिंगा बसायच्यात’ या बोलण्यातही अर्धं खरं आहे. पण बसणं बहुतांशी पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये होतं. 1,800 नंतर खप निदान उतरता दिसला पाहिजे. तेव्हा वही घाला. सपाट जागा, सकाळी स्टार्ट करण्याआधी, दर 200 किलोमीटरला पातळी, आणि भरलेलं ऑईल मापाने. आकडा उतरत असेल तर थांबा. तिथेच अडून बसला असेल तर सील बदला. त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, वरच्या टोकाच्या थोडं अलीकडे आणायचा, प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत भरायची, टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक हाताने किंचित पुढे फिरवून दोरी दाबायची. व्हॉल्व्ह खाली पडत नाही, स्प्रिंग सुटते, सील हातात. आणि स्प्रिंग निघाली आहे तोवर व्हॉल्व्हचा दांडा आडवा हलवून बघा. डुगडुगला, तर सीलवर खर्च करू नका, गाईडच करून घ्या.

प्रश्न : थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाणी गळतं. हेड गॅस्केट गेलं का?

उत्तर : बहुधा नाही. 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळपास 1 लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ थिजून पांढऱ्या धुरासारखी दिसते आणि पाणी टपकतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा धूर दाटच राहिला, गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत गेलं, तर मात्र गाडी चालवू नका.

प्रश्न : या आठवड्यात माझं इंजिन बांधून होईल. ‘पहिल्यांदा दोन तास आयडलिंगला ठेवा, मग 1,000 किलोमीटर एकाच सावकाश वेगाने चालवा’ असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असेल, पण इंजिनासाठी हा सल्ला वाईट आहे. रिंग भिंतीला दाबून धरतो तो तिच्या मागे शिरलेला जळत्या वायूचा दाब. आयडलिंगला तो नसल्यातच जमा. रिंग नुसती घसरत राहते आणि होनिंगच्या, म्हणजे दगडाने भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघांवर काचेसारखी चकाकी चढते. मग जन्मभर ऑईल.

गळती तपासण्यापुरतं गरम करा आणि रस्त्यावर काढा. तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमवरून अर्ध्याहून थोडा अधिक थ्रॉटल देऊन वेग वाढवा, मग पाय पूर्ण काढून गाडीला आपोआप हळू होऊ द्या. असं दहा-बारा वेळा. सोडताना येणारं व्हॅक्यूम थोडं ऑईल वर ओढून धातूची भुकटी धुऊन नेतं. साधं मिनरल ऑईल वापरा, काहीशे किलोमीटरला फिल्टरसकट बदला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट नवा आणि त्याखाली जुन्या धाटणीचे सपाट टॅपेट असतील तर तेवढी एक सवलत : पहिली वीसेक मिनिटं 2,000 आरपीएमच्या आसपास, आणि तीही आयडलिंगला नाहीच.

पहिल्या दिवशी धूर दिसला तर घाबरू नका. जुन्या इंजिनाचं ऑईल सायलेन्सरमध्ये मुरलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो.

आणि इंजिन अजून बांधलेलं नाही म्हणता, तर आजच एक काम करा. होनिंगनंतर बोअर पेट्रोलने पुसून भागत नाही, दगडाची कणी रेघांतच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. सुकल्याबरोबर स्वच्छ ऑईलमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं आतून फिरवा. करडं निघालं तर परत धुवा.