दोनशे गाणी पाठवू नका

परदेशात वाढणाऱ्या मुलीसाठी खपून दोनशे मराठी गाण्यांची प्लेलिस्ट केली, आणि तिने तिसऱ्या गाण्यानंतर ती पुन्हा उघडलीच नाही, अशी तुमची तक्रार. मराठी तिच्या कानावर पडावं ही तळमळ कळते. पण दोनशे गाणी म्हणजे बारा-तेरा तास झाले की हो! इतकं तर मीही ऐकणार नाही.

कॅसेटच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपायची, त्यामुळे मित्रासाठी गाणी भरताना एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागे. ऐकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: कुणीतरी आपला विचार करून निवड केली आहे. तेव्हा बारा गाणी पुरेत. पहिली दोन-तीन तिच्या कलाने घ्या. तिला ठसठशीत ताल आवडत असेल तर लावणी आधी, नाट्यपद बरंच मागे. प्रत्येक गाण्यासोबत एखादी ओळ लिहा. ‘आजोबा दाढी करताना हे गुणगुणायचे’ एवढंही चालेल. ‘हे तुला माहीत असायलाच हवं’ मात्र नको, ती लगेच गृहपाठाचा वास घेते. आणि क्रम विचारपूर्वक लावला असेल तर शफल बंद ठेवायला सांगा.

आता खरी गोष्ट. तिची प्लेलिस्ट तुम्ही कधी मागितलीत? मागा, आणि पूर्ण ऐका. ‘यात चाल कुठे आहे?’ हा शेरा गिळा. त्याऐवजी एखादी जागा सांगा: चौथ्या गाण्यात मधेच ढोल थांबतो ते आवडलं, असं काहीतरी. न ऐकता केलेलं कौतुक मुलांना तत्काळ कळतं. नंतर हवी तर दोघींची एकच सामायिक प्लेलिस्ट करा. नियम एकच, दुसरीचं गाणं काढायचं नाही. खाती मात्र वेगळी ठेवा, नाहीतर तिच्या शिफारशींत तुमचे अभंग घुसतात आणि त्यावरून वेगळंच भांडण.

भारतातून आजीने पाठवलेली लिंक तुमच्याकडे कधीकधी वाजणार नाही. गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे असतात, त्यात आजीची चूक नाही. लिंकसोबत गाण्याचं आणि गायकाचं नाव लिहायला सांगा, म्हणजे तेच गाणं दुसरीकडे शोधता येईल.